जुन्या फोर बाय फोरचा ब्रीदर: सील बदलू की आधी इंजिनचा कोंडलेला श्वास मोकळा करू?

खडकचढ्या (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गाडी 1997 ची फोर बाय फोर. चार लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. वय झालंय, पण अजून चढाला मागे हटत नाही.

महिनाभरापासून बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं आवरण) खालच्या कडेवरून तेल ठिबकतंय. आधी रात्रीत एखादा थेंब पडायचा, आता सकाळी तळहाताएवढा डाग असतो. मेकॅनिकने गाडीखाली डोकं घातलं, बोट फिरवून वास घेतला आणि निकाल दिला, "मागचं क्रँक ऑइल सील गेलं." म्हणजे ऑइल चेंबर उतरवा, मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढा आणि दोन तुकड्यांचं सील बसवा. काम दिवसभराचं आणि गाडीखाली आडवं पडून करायचं.

मी मान डोलावून घरी आलो. पण दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. एक म्हणजे एअर फिल्टर काढला तर त्याचा एक कोपरा तेलाने चिंब. दुसरी, मागच्या आठवड्यात एक लांब चढ संपवून बॉनेट उघडलं तर डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) आपल्या नळीतून बोटभर वर आलेली. सील खराब असेल तर डिपस्टिक वर का येईल?

टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणावरून, दोन नळ्या निघतात. पुढची एअर फिल्टरच्या डब्याकडे जाते, मागची इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप). दोन्ही हातात घेतल्यावर लाकडासारख्या कडक लागतात. या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतले वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या, भानगडीचा आणि तेलगळतीचा संबंध असतो का? घरी करण्यासारखं आहे का? हत्यारं बऱ्यापैकी आहेत, अनुभव यथातथा.

रातकिडा

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्या गाडीच्या फिल्टरलाही तेल आहे. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

टॅपेटची टकटक

खडकचढ्या, सीलला अजून हात लावू नका. डिपस्टिकने तुम्हाला उत्तर सांगितलंच आहे.

कितीही नवं इंजिन असलं तरी जळणाऱ्या वायूंचा थोडा भाग पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. गॅरेजमध्ये त्याला 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय' म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात, शिवाय तेलाचे बारीक तुषार. हे सगळं बाहेर काढायलाच त्या दोन नळ्या आहेत. इंजिन आयडलिंगला असताना मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मागच्या नळीतून हे वायू ओढून घेतो आणि जाळतो. त्यांच्या जागी पुढच्या नळीने फिल्टरमधली स्वच्छ हवा आत येते. आतमध्ये सतत हलका वारा खेळता राहतो.

आता मागची नळी तुंबली असं धरा. वायू तर तयार होतच राहणार. मग ते पुढच्या नळीने उलटे फिरून फिल्टरच्या डब्यात जातात, सोबत तेल घेऊन. तुमचा कोपरा त्यानेच भिजलाय. तेवढ्यानेही दाब उतरला नाही तर डिपस्टिक वर येते आणि सगळ्यात दुबळ्या सीलमधून तेल ढकललं जातं. तुम्ही नवं सील बसवाल, पण दाब तसाच राहिला तर तेही ओलं होणार. रोग हल्याला आणि औषध पखालीला.

आधी फुकटातली परीक्षा करा. इंजिन गरम होऊन आयडलिंगला असताना तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर वहीचा कागद अलगद ठेवा. कागद हलकेच चिकटला तर व्हॅक्यूम आहे. उडाला किंवा फडफडला तर आत दाब आहे. मागची नळी मॅनिफोल्डच्या बाजूने सोडवून तिथे बोट लावा, चांगली ओढ जाणवली पाहिजे. मग नळी परत जोडा, टॅपेट कव्हरच्या बाजूने सोडवा आणि पुन्हा बोट लावा. पहिल्या ठिकाणी ओढ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर चोर त्या नळीतच लपलाय.

सरळसोट

एवढं पुराण कशाला? दोन्ही नळ्या काढून फेकायच्या, मॅनिफोल्डच्या भोकाला बूच मारायचं आणि टॅपेट कव्हरवर छोटे गोल फिल्टर खोचायचे. काम अर्ध्या तासाचं. मी दहा वर्षं असाच चालवतोय. मॅनिफोल्डमध्ये तेल जात नाही, एअर फिल्टर कोरडा, डोक्याला ताप नाही.

पाणडुब्या

सरळसोट, तुमची गाडी कधी बॉनेटपर्यंत पाण्यात उतरलीय का? ते गोल फिल्टर ओले झाले की इंजिन पाणी पितं. धुळीच्या रस्त्यावर वरचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि दोन प्रवासांत फिल्टर चिखलाचा गोळा होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओढ गेली की आतला वारा थांबतो. वाफ आणि आम्लं तेलातच मुरतात. दाब उतरला म्हणजे इंजिन स्वच्छ राहिलं असं होत नाही. शिवाय धुराची तपासणी आणि नियम आहेत ते वेगळेच.

अवांतर: पूर्वीच्या इंजिनांना क्रँककेसपासून खाली रस्त्याकडे तोंड केलेली एक उघडी नळी असायची. गाडी धावली की वारा त्यातून वायू ओढून घ्यायचा. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायची वेळ आली तेव्हा त्या नळीतून पाणी आत शिरण्याची भीती होती. म्हणून वायू मॅनिफोल्डकडे वळवणारी बंद व्यवस्था आणि तिचा व्हॉल्व्ह आला. मोटारींवर ती धुरक्याच्या काळजीमुळे आली 1960 च्या दशकात. म्हणजे ज्या व्यवस्थेला आपण 'प्रदूषणवाल्यांचं लोढणं' म्हणून शिव्या घालतो, ती मुळात पाण्यात उतरणाऱ्या गाड्यांसाठीच होती.

सरळसोट

माहिती छान. पण माझी गाडी पाण्यात जात नाही.

खडकचढ्या (धागाकर्ता)

परीक्षा केली. वहीचा कागद ठेवला आणि तो सरळ उडून बॅटरीवर जाऊन पडला. गेल्या कित्येक दिवसांत मी एवढा खूश झालो नव्हतो. सीलचं काम टळलं बहुतेक.

मॅनिफोल्डच्या टोकाला ओढ जोरदार, बोट चिकटून बसलं. कव्हरच्या टोकाला काहीच नाही. नळी काढायला गेलो तर कोपऱ्यातला रबरी एल्बो वाळक्या काटकीसारखा कट्कन तुटला. आत पाहिलं तर काळ्या डांबरासारख्या थरातून सुई जाईल एवढीच वाट उरलेली. कव्हरमधलं ग्रोमेट (नळीच्या भोकातलं रबरी कडं) तर पक्कड लावल्याबरोबर चार तुकडे झालं. त्यातले तीन हातात आहेत. चौथा कुठे गेला?

टॅपेटची टकटक

चौथा आत पडला असणार. घाबरू नका, पण इंजिन सुरूही करू नका. कव्हर उतरवायचंच आहे.

नळी एवढी तुंबलीय तर कव्हरच्या आतला बॅफलही तसाच असेल. बॅफल म्हणजे कव्हरच्या आतून बसवलेला पत्रा. वायू वळणं घेत जातात, त्यामुळे तेलाचे थेंब त्यावर आपटून खाली गळतात आणि मागच्या नळीत फक्त वायू जातो. तो काळ्या गाळाने भरला की तेल गळायला जागाच उरत नाही.

कव्हर काढण्याआधी आजूबाजूची धूळ ब्रशने आणि हवेने साफ करा. ऑफ रोड गाडीच्या बोल्टांच्या खोबणीत मूठभर वाळू निघते आणि ती थेट रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) पडते. कव्हर रॉकेलमध्ये रात्रभर उपडं भिजत ठेवा, सकाळी एका भोकातून रॉकेल ओता आणि दुसरीकडून काय येतं ते बघा. स्वच्छ येईपर्यंत ओतत राहा. मग डिटर्जंटच्या गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. चुकूनही सँडब्लास्टिंगला देऊ नका. बॅफलमागे अडकलेली वाळू धुऊन निघत नाही, ती नंतर सवडीने तेलात उतरते आणि बेअरिंगं खाते. एका ओळखीच्या गृहस्थांनी कव्हर चकाचक रंगवून घेतलं होतं. पुढचा खर्च काय झाला ते विचारू नका.

आता या इंजिनाची खासियत. बऱ्याच गाड्यांत असतो तसा स्प्रिंगचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हे वायू किती ओढले जावेत ते ठरवणारी झडप) यात नाही. मागच्या फिटिंगमध्ये ठरावीक मापाचं भोक आहे, 2.6 मिलिमीटरचं. ते फिटिंग राखाडी. पुढचं दिसायला तसंच पण काळं, त्यात मापाचं भोक नाही. अदलाबदल करू नका. राखाडी फिटिंग साफ करताना ड्रिल मशीनला हात लावायचा नाही. 2.5 चा बिट बोटांत धरून हलकेच फिरवा. भोक मोठं झालं की मॅनिफोल्डला फुकटची हवा मिळते आणि आयडलिंग बिघडतं.

ज्यांच्या गाडीत खरा व्हॉल्व्ह आहे त्यांच्यासाठी: हलवल्यावर खडखड वाजला म्हणजे चांगला, हे अर्धसत्य आहे. आतली स्प्रिंग दमलेली असली तरी तो वाजतो. वीस वर्षांचा असेल तर सरळ बदला.

गिअरवाली

नळी कुठली घेता त्याकडे लक्ष द्या. रेडिएटरची उरलेली नळी कापून लावायचा मोह सगळ्यांना होतो. ती बहुधा ईपीडीएम रबराची असते. पाण्याला उत्तम, पण तेलात फुगते आणि मऊ पडते. इथे नायट्राइल किंवा एफकेएम, म्हणजे तेल सोसणारं रबर, पाहिजे. नुसती सिलिकॉन नळी दिसायला झकास, पण तेलाच्या वाफेने कालांतराने बाहेरून पाझरते. आणि भिंत जाड हवी, नाहीतर गरम झाल्यावर व्हॅक्यूमने चपटी होते. वळणावर तयार मोल्डेड एल्बोच घ्या, सरळ नळी वाकवली की तिथेच मुडपते.

खडकचढ्या (धागाकर्ता)

गिअरवाली, तुमचा प्रतिसाद दोन तास उशिरा वाचला. रेडिएटरचीच लावली. :(

काल कव्हर उतरवलं. ग्रोमेटचा चौथा तुकडा मागच्या रॉकरच्या शेजारी निवांत बसला होता. बॅफलमधून निघालेल्या गाळाने जुना रंगाचा डबा पाव भरला. तिसऱ्या धुण्यानंतर पाणी आरपार गेलं. नवे ग्रोमेट, नवं पॅकिंग. बोल्ट मधून सुरू करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने आवळले. फक्त नळी घरातली.

गिअरवाली

फुगेल ती. लक्ष ठेवा.

बाकी झालंच आहे तर एक मोजमाप करा, कागदापेक्षा खात्रीचं. दोनेक मीटर पारदर्शक नळी घ्या, फळीवर इंग्रजी यू सारखी बांधा आणि अर्धी पाण्याने भरा. डिपस्टिक काढून तिच्या नळीच्या तोंडाला एक टोक घट्ट बसवा, दुसरं उघडं ठेवा. आयडलिंगला इंजिनकडच्या बाजूचं पाणी किंचित वर चढलं तर आत व्हॅक्यूम आहे. खाली गेलं तर दाब. आता पुढची स्वच्छ हवेची नळी पकडीने चिमटा. पाणी हळूहळू वर चढत गेलं पाहिजे, कारण ओढ चालू आहे पण हवा येणं बंद झालंय. चढलं नाही तर एकतर ओढ कमी आहे, नाहीतर कुठून तरी हवा आत येतेय. चढत राहिलं तर वेळेवर पकड सोडा, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. नळी लांब घ्या म्हटलं ते त्यासाठी.

आणि हवेची गळती शोधायला चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारू नका. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर तापल्या धातूवर विषारी वायू करतो. एकतर धूर सोडून बघा, नाहीतर इंजिन बंद करून हलक्या दाबाची हवा आणि साबणाचं पाणी.

तुमच्या इंजिनात मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे, येणारी हवा मोजणारा नाही. त्यामुळे नळी फुटली तरी 'मिश्रण लीन' (हवा जास्त, पेट्रोल कमी) असा कोड येईलच असं नाही. सेन्सरला दाब वाढलेला दिसतो, तो इंधनही वाढवतो आणि आयडलिंग नुसतं चढं राहतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांत मात्र तीच फुटकी नळी लगेच लीन दाखवते. लोक मग ऑक्सिजन सेन्सर बदलत बसतात.

डिझेलदादा

डिझेलवाल्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. जुन्या डिझेलला बहुधा थ्रॉटल (येणारी हवा अडवणारी झडप) नसतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये तसा व्हॅक्यूमही नसतो. टर्बोवाल्यांत ब्रीदर टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेला असतो, मध्ये तेल वेगळं करणारा डबा नाहीतर डायफ्रामचा रेग्युलेटर. कागद थोडा फडफडला म्हणून लगेच रिंगा गेल्या असं समजू नका. झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. जागेवर थरथरतंय तोवर ठीक. उडून पडलं तर विचार करा.

आणि एक धोका. डिझेल इंजिन स्वतःचं तेलही जाळू शकतं. ब्रीदरमधून तेलाचा लोंढा इनटेकमध्ये गेला तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, उलट रेस वाढतच जाते. मी एकदाच पाहिलंय. गाडी तीव्र उतारावर तिरकी होती, तेल गरजेपेक्षा लिटरभर जास्त भरलेलं. मालकाने चावी काढून हातात धरली होती आणि इंजिन किंचाळत होतं. शेवटी टॉप गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडला तेव्हा कुठे मेलं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेला मान द्या एवढंच सांगतो.

रातकिडा

बापरे. दंडवत.

माझा एक भाबडा प्रश्न. माझ्या तेलाच्या झाकणाखाली दाढीच्या फेसासारखं पिवळट काहीतरी जमतं. एकाने सांगितलं हेड गॅस्केट गेलं. रात्री झोप नाही.

टॅपेटची टकटक

झोपा. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते का? थंडीत जास्त होतं का? तसं असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, वाफ उडत नाही आणि सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली, तेलात मिसळून फेस होतो. ब्रीदर तुंबला असेल तर अजून जास्त. पुसून टाका, गाडी तासभर चांगली पळवा, परत बघा. डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल किंवा रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर मात्र गॅस्केटची शंका घ्यायची.

खडकचढ्या (धागाकर्ता)

पंधरा दिवसांनी हजर.

रेडिएटरची नळी फुगली. क्लिपजवळ बेडकाच्या गळ्यासारखी झाली होती आणि बोटाने दाबली की ठसा राहायचा. आता नायट्राइलची लावलीय, वळणावर मोल्डेड एल्बो.

पाण्याची नळी बांधली. आयडलिंगला साधारण 10 मिलिमीटरचा फरक, व्हॅक्यूमच्या बाजूने. पुढची नळी चिमटल्यावर मिनिटभरात 100 च्या पुढे गेलं आणि मी घाबरून सोडलं. कॉम्प्रेशनही तपासलं. मॅन्युअलमध्ये 120 ते 150 पीएसआय आणि सिलिंडरांत 30 पेक्षा जास्त फरक नको असं आहे. माझे सगळे 132 ते 144 च्या मध्ये. म्हणजे रिंगा शाबूत.

डिपस्टिक आता हलत नाही. एअर फिल्टर कोरडा.

पण बेल हाउसिंगखाली अजून थेंब येतोय! आधीपेक्षा पुष्कळ कमी, दोन दिवसांतून एक. सीलला हात लावावाच लागणार का?

पाणडुब्या

आधी वर बघा. तेल खालून वर चढत नाही. इंजिनाची मागची बाजू पूर्ण धुऊन काढा, वाळवा, टाल्कम पावडर शिंपडा आणि वीस किलोमीटर फिरवून या. ओघळ कुठून सुरू होतो ते पावडर दाखवेल. या इंजिनात टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल निघतं, ब्लॉकच्या पाठीवरून उतरतं आणि बरोबर बेल हाउसिंगवर जमतं. ऑइल फिल्टरच्या अडॅप्टरच्या ओ रिंगाही तोच खेळ करतात. दोन्हीचं खापर सीलवर फुटतं.

खडकचढ्या (धागाकर्ता)

पाणडुब्या, पत्ता बरोबर. टॅपेट कव्हरचा मागचा डावा कोपरा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) इतका जवळ की तिथे हात जातो पण नजर जात नाही. मोबाइल उलटा घालून फोटो काढला तेव्हा दिसलं: पांढऱ्या पावडरीवर एकच तपकिरी रेघ, कोपऱ्यापासून सरळ खाली. पॅकिंग बसवताना तिथला जुना पापुद्रा खरवडायचा राहिला होता, त्यावरच नवं चढवलं. म्हणजे हा थेंब माझाच.

कव्हर परत उतरवलं, कडा नखाला गुळगुळीत लागेपर्यंत घासली. घासताना खाली कापड अंथरलं, आता शहाणा झालोय. काल चढाचा तोच लांब रस्ता मारून आलो. चढ संपल्यावर एअर फिल्टरच्या डब्यात पुढच्या नळीच्या तोंडाशी तेलाचा पुसट ओलावा दिसला. हे चालायचंच ना?

टॅपेटची टकटक

चालायचंच. पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो आणि खालचे वायू वाढतात, त्यामुळे थोडे पुढच्या नळीने उलटे येणारच. फडक्याने पुसलं की संपलं. ठिबकायला लागलं तर सांगा.

सरळसोट

पूर्ण धागा वाचला. काल माझ्या कव्हरचं झाकण उघडलं तर आत काळा चिखल. नळ्या परत लावतोय असं अजून म्हणत नाही. पण ते राखाडी फिटिंग वेगळं मिळतं का?

खडकचढ्या (धागाकर्ता)

मिळतं, ग्रोमेटसकट. :)

आज सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र टाकलं होतं. कोरडं आहे. मागच्या ॲक्सलच्या ब्रीदरची नळी मात्र आत्ता दिसली. तिचं वरचं टोक कशात अडकवलेलंच नाही, चाकाशेजारी लोंबतंय आणि तोंडात चिखल. गेल्या महिन्यात पाण्यातून नेली होती...

पाणडुब्या

डिफरन्शियलचा वरचा प्लग काढून आत बोट घाला. तेल राखाडी, दुधाळ आलं तर आजच बदला. गरम ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढते. नवा धागा काढा, मी तिकडे येतो.